गडग्याबाहेरून गेलेली पालखी

माझ्या चुलतभावाला, म्हणजे दादाला, पाणमांजरं अजिबात आवडत नसत. ती त्याची जाळी फाडत, चांगला मासा अर्धवट खाऊन टाकत. तो त्यांना शिव्या घालायचा, दगड मारायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बांधावर बसून त्यांचीच वाट बघायचा. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळपठारावरून, उतरणारा आमचा पऱ्या, पावसाळी ओढाच तो, जिथे खाडीला मिळतो, ती जागा त्याची. खाली थोडं खाजण, म्हणजे खारी दलदल, आणि तिवरांची झाडी, वर काजूची बाग, मध्ये घर.

कंपनीला खाडीकाठी हॉटेल आणि बोटींसाठी धक्का बांधायचा होता. सड्यावरची जमीन केव्हाच गेली होती. मुंबईच्या हिस्सेदारांनी तिकडेच सह्या करून टाकल्या. पण सड्यावरून पाण्यापर्यंत रस्ता आणायचा तर तो दादाच्या जागेतूनच येणार होता. बाकी दोन्ही बाजूंना सरळ कडा. दादाने सही केली नाही तर रस्ता नाही, आणि रस्ता नाही तर काहीच नाही. हे कंपनीला जेवढं कळत होतं तेवढंच आम्हालाही.

आम्ही म्हणजे खाडी वाचवायला निघालेली समिती. मी तिचा सचिव. हायस्कूलात विज्ञान शिकवतो, त्यामुळे बोलायचं काम माझ्याकडे आलं. पऱ्या बुजला तर विहिरी कशा खारट होतील, तिवरं तुटली तर कालवं आणि कोळंबी कुठे जाईल, हे मी वाडीवाडीत जाऊन सांगितलं. लोक ऐकत. मला त्याची चटक लागली होती, हेही लिहायला हवं.

दिवाळीनंतर एकदा तालुक्याच्या बाजारात मी दादाला कंपनीच्या दलालाच्या गाडीत बसलेला पाहिला. काच खाली होती. दोघं चहा पीत होते आणि दादा हसत होता. मी त्याच्यापाशी गेलो नाही. घरी येऊन समितीला सांगितलं.

देवळाच्या सभामंडपात गाव बसलं. दादाला बोलावलं. गावाचे मानकरी माझ्या वडिलांच्या वयाचे, त्यांनी सरळ विचारलं, "कंपनीकडून विसाराचे पैसे घेतलेस काय?"

"माझी जमीन हाय. मी काय ते बघीन."

"हो की नाय, एवढंच सांग."

"दुपारी जेवलो की नाय, ते पण विचारा," दादा म्हणाला. "उद्या लग्नं पण तुमीच लावा माझ्या नातवंडांची." आणि चपला घालून निघून गेला.

गावकीत ज्याने उत्तर दिलं नाही त्याने कबूल केलं, असंच धरतात. मी त्याला लहानपणापासून ओळखत होतो. कुणी जाब विचारला की तो खरं असलेलंही सांगत नाही, हे त्या मंडपात माझ्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी गप्प बसलो. उलट पुढचं जे झालं त्याला वळण मीच दिलं. वाळीत टाकणं हा आता गुन्हा आहे, हे मी सगळ्यांना समजावलं, आणि मग म्हणालो, "तो शब्द कुणी उच्चारू नका. ठराव नको, काही नको. फक्त त्याच्याकडे जायचं नाही." शिकलेल्या माणसाचा सल्ला म्हणून लोकांनी तो मानला.

त्यानंतरचे महिने मी जवळून पाहिले, कारण माझं घर त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. गिरणीवर वहिनी दळण घेऊन गेली की लाईट गेलेली असायची. काजू वेचायला बायका मिळेनात. बोंडं झाडाखाली कुजली आणि त्यांचा आंबूस वास माझ्या पडवीपर्यंत येई. हळदीकुंकवाला वहिनीला बोलावणं गेलं नाही, आणि तिने केलं त्याला कुणी गेलं नाही. माझी बायको जायला निघाली होती. मी तिला दारातून परत आणली. एसटीच्या थांब्यावर दादा आला की कुणीतरी बाकावरून उठून म्हणायचं, "सरका सरका, मॅनेजरसाहेब आले. बसा साहेब, हॉटेलात खोली देणार ना आमाला?" दादा उभाच राहायचा. हसणाऱ्यांत मी असायचो.

एवढं करूनही तो मान वाकवेना. शिमगा जवळ आला तेव्हा समितीत कुणीतरी म्हणालं, आता काय उरलं? मी म्हणालो, "पालखी."

बाहेरच्या वाचकाला याचं वजन कळावं म्हणून सांगतो. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी जाते. देवी वर्षातून एकदा आपल्या अंगणात येते. मुंबईचा चाकरमानी एकवेळ गणपतीला यायचं चुकवील, पण पालखी दारात येते त्या दिवशी घरी असतो. आमच्या गावात कुणाचंही अंगण कधी वगळलेलं नव्हतं. भांडणं होती, कोर्टकचेऱ्या होत्या, तरीही नाही. मानकरी म्हणाले, "बघ बाबा. तू म्हणतोस तर."

त्या दिवशी चारच्या सुमाराला पालखी आमच्या वाडीत आली. पुढच्या दांडीला माझा खांदा होता. दादाचा मुलगा मुंबईहून आला होता, बायको आणि तान्ही मुलगी घेऊन. त्यांचं अंगण सारवलेलं होतं, रांगोळी होती, पाट मांडलेला होता. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? त्यांच्याशी कुणी बोलतच नव्हतं.

गडग्याच्या बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी, ढोलवाले सरळ पुढे गेले. मागच्या भोयांची पावलं मात्र सवयीने आत वळली, पालखी त्या बाजूला कलली. आमच्याकडे अशा वेळी म्हणतात, देवीला तिकडे जायचंय. मला ती ओढ खांद्यावर स्पष्ट लागली. मी पाय रोवला आणि सगळा भार देऊन दांडी रस्त्याकडे ढकलली. पालखी सरळ झाली.

वहिनी ओटीचं ताट घेऊन गडग्याच्या आतून आमच्या बरोबरीने चालू लागली, मग धावू लागली. "भावजी, थांबा हो. आत नका येऊ, ओटी तेवढी घ्या. नातीला पायावर घालायची हाय देवीच्या. भावजी!" ताटातला नारळ घरंगळून पडला. गडगा संपला तिथे ती थांबली. मी समोर बघत होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "आता कशी करतोय सही, बघू," आणि मला वाटलं, नाही करणार, आता मोडला.

तीन आठवड्यांत त्याने सही केली. गाव म्हणालं, बघितलंत, आधीच ठरलेलं होतं याचं. मी पण तेच म्हणालो. दादा आणि वहिनी मुलाकडे विरारला गेले. पावसाआधी जेसीबी उतरले. तिवरं दोन दिवसांत गेली. पऱ्याच्या तोंडाशी मातीचा भराव पडला, आणि पाणमांजरांची एक जोडी त्या भरावावर इकडून तिकडे फिरताना मी पाहिली. त्यांना खाली उतरायला जागा सापडत नव्हती. मजूर त्यांना खडे मारत होते. नंतर ती दिसली नाहीत.

आम्ही याचिका केली. वकील म्हणाले, जमीन विकणाऱ्याने दबावाखाली विकल्याचं सांगितलं तर काम थांबवता येईल, निदान उरलेली खाडी वाचेल. त्याच्याकडे कोण जाणार? समिती म्हणाली, भाऊ तुझा.

विरारला दार वहिनीने उघडलं. मला बघून आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. दादा गॅलरीत बसला होता. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"विसार मी घेतला नव्हता," तो म्हणाला. "तुला म्हणून सांगतो. तो दलाल दर आठवड्याला यायचा. गाडीत बसवायचा, चहा पाजायचा, साहेब साहेब करायचा. मी चहा प्यायचो नि नाय म्हणायचो. मजा यायची रे. जन्मात कोण माझ्या मागं लागलं होतं?"

"मग मंडपात का नाही सांगितलंस?"

"तू होतास ना तिथे. तुला माहीत नव्हतं मी कसा हाय?"

मी खाली बघितलं. मग म्हणालो, "दादा, दबाव होता एवढं सांग. खाडीसाठी."

"होता की. सांगतो." तो माझ्याकडे वळला. "कुणाचा होता, ते पण विचारतील ना? गिरणी सांगू, एसटीचा थांबा सांगू, की पालखी सांगू? पुढच्या दांडीला कोण होता तेही सांगतो. बोल, कधी येऊ?"

मी उत्तर दिलं नाही. तो खरं बोलला असता तर समितीतले अर्धे लोक आणि सगळ्यांत आधी मी पोलीस ठाण्यात गेलो असतो, नोकरी गेली असती, आणि कंपनीच्या वकिलाने ती साक्ष हसत हसत आपल्या बाजूला वळवली असती. मी उठलो. चपला घालताना आतून वहिनीचा नातीशी बोलण्याचा आवाज येत होता. माझी चाहूल लागताच तो थांबला.

समिती देवळात वाट बघत बसली होती. मला विचारलं, काय म्हणाला? मी म्हणालो, "यायला तयार नाही. कंपनीने तोंड बंद केलंय त्याचं."

मग सगळ्यांनी दादाला शिव्या घातल्या. एकाने त्याच्या नातीपर्यंत मजल नेली. मानकरी मान हलवत माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू तरी किती करणार, बाबा." मी तो हात काढला नाही.