कड्यावरच्या फलकांवरचा नंबर

आमच्या ग्रामस्थ मंडळाची बैठक. जानेवारीतला शेवटचा रविवार, सकाळी दहा. कोथरूड, आमच्या सोसायटीचा हॉल. हजर: बँकेतून निवृत्त झालेले आणि गावातलं घर पर्यटकांना भाड्याने देणारे अध्यक्ष, गावात हॉटेल चालवणारे पण इथेच राहणारे शेठ, हिंजवडीत नोकरी करणारा, एकेकाळी दोर बांधून दरीत उतरणारा एक तरुण, गावाहून पहिल्या एसटीने आलेल्या वहिनी, सचिव म्हणून मी, आणि चहा होईपर्यंत थांबणारे दहाबारा जण.

आमचं गाव घाटमाथ्यावर आहे, थंड हवेचं ठिकाण. गाव वर, गावकरी पुण्यात, अशी आता स्थिती आहे. मुलांच्या शाळा, नोकऱ्या, दवाखाने सगळं इथे. त्यामुळे गावचा महोत्सव कधी, वाचनालय कोणी उघडायचं, स्मशानाच्या शेडवर पत्रे कधी टाकायचे, हे आम्ही कोथरूडला ठरवतो. हॉल सोयीचा आहे आणि गाडी लावायला जागा मिळते.

पहिला विषय श्रद्धांजली. वहिनींचे यजमान, ज्यांना सगळं गाव भाऊ म्हणायचं, दिवाळीच्या सुट्टीत गेले. छातीत दुखायला लागल्यावर गाडी लगेच मिळाली, पण घाट पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला. गाडीतच गेले. त्यांचं चपलांचं दुकान होतं, आणि गावचं बचावपथक म्हणजे मुख्यतः तेच. कोणी फोटो काढताना घसरलं, कोणी पैजेवर कठड्यापलीकडे गेलं, की भाऊ शटर ओढून दोर घेऊन निघायचे. जिवंत वर आलेले थोडे. बाकीचे चादरीत बांधून आणलेले. प्रत्येक पॉइंटवर एक फलक आहे, 'अडचणीच्या वेळी संपर्क', आणि खाली भाऊंचा स्वतःचा मोबाइल नंबर.

दोन मिनिटं उभे राहिलो. मग महोत्सवाचा विषय आला आणि तोच चालला. ढोलपथक कुठलं, स्टॉल किती, गाणारी कोण. उद्घाटन सूर्यास्ताला अगदी कड्यावर व्हावं, असा शेठचा आग्रह होता. वहिनी मांडीवर पिशवी धरून बसल्या होत्या आणि पिशवीत फोन वाजत होता. दोनदा त्या बाहेर जाऊन बोलून आल्या. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, जरा सायलेंटवर टाका ना."

"त्यासाठीच आलेय मी," वहिनी म्हणाल्या.

फोन भाऊंचा होता. माणूस गेला तरी फलक होते तिथेच होते. लोक विचारतात, पार्किंग कुठे, घोड्याचा भाव काय, वर धुकं आहे का. वहिनी उत्तरं देतात. मी म्हणाले, बंद का नाही करून टाकत? त्यांनी माझ्याकडे बघितलं. बंद केला आणि नेमकं तेव्हाच कोणी पडलं तर, असं त्यांचं म्हणणं.

आणि एकदा कोणी पडलंही होतं. डिसेंबरात एका पर्यटक मुलीचा फोन आला, तिचा धाकटा भाऊ कड्यावरून खाली गेला होता. वहिनींनी पथकातल्या सगळ्यांना फोन लावले. हिंजवडीचा मीटिंगमध्ये होता, एक चाकणला पाळीवर, एक लग्नाला साताऱ्याला. पोलिसांना कळवलं, त्यांनीच विचारलं, दोर कोणाकडे आहे?

"ती मुलगी सारखी विचारत होती, काकू, तुम्ही येताय ना," वहिनी म्हणाल्या. "मी हो म्हणत राहिले. घरात बसून हो म्हणत राहिले. खालून त्याचा आवाज येतोय म्हणाली. मग म्हणाली, आता येत नाही. माझ्याकडून परत नाही होणार हे. कोणीतरी घ्या हा नंबर."

हिंजवडीच्या तरुणाने मान खाली घातली होती. अध्यक्षांनी पोलीस चौकीचा नंबर टाकू असं सुचवलं. वहिनी म्हणाल्या, चौकीतून फोन भाऊंनाच यायचा. तरुण म्हणाला, फोन ग्रुपवर वळवता येईल, जो मोकळा असेल तो उचलेल. सगळ्यांना ते पटलं. त्यात कोणा एकाचं नाव नव्हतं. मी म्हणाले, तोवर माझा टाका, मी उचलते.

"टाका की," शेठ म्हणाले. "आणि दोर काय कोथरूडहून सोडणार?"

दोघंतिघं हसले. चूक नव्हतं ते. उचलणारा वर राहणारा हवा, ज्याच्या घरात दोर आहे आणि जो चार माणसं गोळा करू शकतो. ठराव केला: महोत्सवाआधी सर्व फलकांवर नवा नंबर टाकणे. कोणाचा, ती जागा मी कोरी सोडली. वहिनी दुपारच्या एसटीने गेल्या. त्यांना स्वारगेटला सोडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "झालं ना नक्की?" मी ठराव झालाय म्हणाले.

फेब्रुवारीत महोत्सवाला गेले. उद्घाटन कड्यावरच झालं, कठड्याला झेंडूच्या माळा, लोक माळा बाजूला सारून खाली डोकावत होते. फलक खरोखरच रंगवलेले होते. शेठनी प्रायोजक आणला होता. पिवळी जमीन, काळी ठसठशीत अक्षरं, कोपऱ्यात प्रायोजकाचं चिन्ह. पूर्वी नंबर अर्धा पुसट झालेला असायचा, आता लांबूनही वाचता येत होता. नंबर भाऊंचाच होता. अध्यक्षांना विचारलं, तर म्हणाले, "अहो, नवा दिला कोणी? पेंटर जुनं बघूनच रंगवणार."

स्टेजवर भाऊंच्या फोटोला हार घातला. वहिनींना शाल द्यायची होती, पण त्या आल्या नव्हत्या. घरी गेले तर ओट्यापाशी उभ्या राहून कोणाला तरी पार्किंगचा रस्ता सांगत होत्या. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "रंगवल्यापासून जास्त येतात." चहा केला. ठरावाचं त्यांनी काही विचारलं नाही.

तेव्हापासून मी गावात बाराही महिने राहणाऱ्या, हातपाय धड असलेल्या माणसांची यादी करून एकेकाला फोन करते आहे. यादी लहान आहे. घोडेवाल्यांचा म्होरक्या म्हणाला, धंदा सोडून धावू का. मेडिकलवाला म्हणाला, सीझन संपू दे. पोस्टातल्यांची बदली झाली. शाळेत नवे सर आलेत, ट्रेकिंग करणारे आहेत म्हणे. पण त्यांनीही बदलीचा अर्ज दिलाय असं ऐकलं. तरी त्यांना विचारायचं आहे. ते अजून राहिलंय.