आईच्या नावाची वेबसाइट

माझे बाबा कामतघरला लूम चालवतात आणि मी वकील आहे. त्यामुळे आमच्या घरात कुठलाही कागद सुखासुखी सहीपर्यंत पोचत नाही. मी शेवटच्या पानापर्यंत वाचते आणि बाबा तोवर येरझाऱ्या घालतात.

बाबांचा जन्म मजुरीच्या विणकामात गेला. शेट सूत पाठवणार, बाबा विणून देणार, कापड शेटचं. यावर आमच्याकडे कुणी कागद करत नाही, ती रीतच आहे. बाबा ती इतकी पाळतात की उरलेला धागासुद्धा गोणीत भरून शेटकडे धाडतात. लहानपणी पतंगासाठी मी मूठभर धागा मागितला होता. "तो आपला न्हाय," म्हणाले, आणि संध्याकाळी बाजारातून रीळ घेऊन आले.

उतारवयात त्यांनी स्वतःचं सूत घेऊन स्वतःचं चौकडीचं कापड विणायला घेतलं. त्याला नाव दिलं आईचं. बायकोचं कौतुक तोंडाने करणं त्यांना कधी जमलं नाही, म्हणून त्यांनी ते कापडावर छापलं आणि पुढे वेबसाइटवर टाकलं. नाशिकच्या एका माणसाने ती वेबसाइट बनवली. मी कोर्टात असताना बाबांनी त्याच्या कागदावर सही करून टाकली होती. गावोगावचे दुकानदार त्या वेबसाइटवरून ऑर्डर देऊ लागले, तसे बाबा रोज जेवणाआधी ती उघडून बघायचे.

एके दिवशी ती उघडेना. मी बाबांकडून करार मागून घेऊन वाचला आणि माझं डोकंच फिरलं. आईच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ताच, त्या माणसाच्या नावावर होतं. कोडवर हक्क कुणाचा, त्याने धंदा बंद केला तर पुढे काय, काम दुसऱ्याला दिलं तर जबाबदार कोण, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

"बाबा, ही वेबसाइट तुमची नाहीच."

"अगं, फोटो माझे, कापड माझं. सूत मी दिलं, त्यानं फकस्त विणलं. मग ती त्याची कशी?"

"कोड लिहितो त्याचा असतो. त्याने लेखी दिल्याशिवाय तो तुमचा होत नाही."

"मग हा कायदा करणाऱ्यानं लूम बघितलेला न्हाय."

मी नोटिशीचा मसुदा करायला बसले, तेवढ्यात त्यांनी सरळ त्या माणसालाच फोन लावला. "पोरा, माझं कापड तुझ्याकडं राहिलंय." माणूस भला निघाला. त्याला नोकरी लागली होती, धंदा बंद केला होता आणि डोमेनची मुदत वाढवायची राहून गेली होती. त्याने ते आमच्या नावावर करून दिलं. वेबसाइट मात्र गेली. कोड त्याने भलत्याच कुणाकडून करून घेतला होता आणि तो त्या तिसऱ्याच्याच सर्व्हरवर होता, त्यांच्यात कागद नव्हता आणि तो तिसरा माणूस फोन उचलत नव्हता.

विणणारा कापड घेऊन नाहीसा होतो, हे बाबांच्या डोक्यात बसेना. इतका वेळ त्यांच्यावर चिडलेली मी, पण तेव्हा मला त्यांची फार माया आली.

नवी वेबसाइट दुसऱ्या माणसाला दिली, तेव्हा करार मी केला. डोमेन आमचं, कोड आमचा, पासवर्ड आमच्याकडे, काम परस्पर दुसऱ्याला द्यायचं नाही. बाबांनी पहिल्यांदाच सगळा ऐकून घेतला. "आता रीतीत आलं," म्हणाले.

आई बाजूला मेथी निवडत होती. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि कागद मागून घेतला. सावकाश पूर्ण वाचला.

"यात सगळ्या गोष्टींचा हक्क लिहिलाय," ती बाबांना म्हणाली. "नाव माझं हाय. ते वापरू का, म्हणून तुम्ही मला कधी विचारलंत?"

मी वकील, बाबा रीतीचे पक्के, आणि हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. परक्याचा मूठभर धागा घरात न ठेवणारा माणूस बायकोचं नाव न विचारता वापरत होता. बाबांचे कान लाल झाले.

"वापरू का?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"वापरा. पण मालक म्हणून सही माझी."

बाबांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि तिच्या हातात दिलं.