शापांच्या शनिवारी भावजी

रूथ, नोआम, घाबरण्याच्या बाबतीत तुमच्या धाकट्या आजोबांचा हात धरणारा माणूस खोपोलीपासून नेरळपर्यंत सापडायचा नाही. माझे हे दीर, ज्यांना मी भावजी म्हणते, ते विजेला घाबरतात, कुत्र्यांना घाबरतात, गॅसच्या शेगडीला घाबरतात, आणि सगळं सुरळीत चाललं असेल तर त्याला सर्वांत जास्त घाबरतात. "वहिनी, आज काहीच झालं नाही," असं ते संध्याकाळी सांगतात तेव्हा त्यांचा आवाज कापत असतो.

आणि दर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, आमच्या चौक गावातल्या प्रार्थनेच्या खोलीत तोरा, आपला यहुदी धर्मग्रंथ, वाचतात ते हेच गृहस्थ. त्या आठवड्याचा पाठ, म्हणजे पराशा, वाचून झाला की संदेष्ट्यांमधला त्याच्या जोडीचा उतारा, हफ्तारा, आणि मग मराठीत "दोन शब्द". या दोन शब्दांत भावजी त्या पाठातली भीती नेमकी शोधून काढतात. याकोबाच्या स्वप्नातल्या शिडीवर देवदूत चढउतार करतात, यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की शिडी ही देवदूतांसाठी असते. तेव्हापासून आमच्या माळ्यावर कोणी चढलेलं नाही. लोटाची बायको मागे वळून पाहते आणि मिठाचा खांब होते, तो पाठ वाचल्यावर रविवारी सकाळीच त्यांनी स्कूटरचे दोन्ही आरसे काढून ठेवले. मी म्हटलं, "भावजी, मागून ट्रक आला तर?" म्हणाले, "ट्रकनं मेलो तर माणूस म्हणून पुरतील तरी, वहिनी. मिठाचं काय करणार तुम्ही?"

हफ्तारा मात्र ते शुक्रवारीच चोरून वाचतात, शेवट गोड आहे ना, याची खात्री करायला. त्यांचं एक मत आहे आणि मला ते पटतं: तोरा हा मोठा भाऊ आणि हफ्तारा धाकटा. मोठा रागावतो, धाकटा मागाहून येऊन समजूत काढतो. तुमचे आजोबा कसे तापट होते हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणजे हे मत कुठून आलं तेही कळेल.

आपल्या धार्मिक वर्षाच्या अखेरीस, भात पोटरीला येतं त्या सुमारास, शापांचा पाठ येतो. आज्ञा मोडल्या तर काय काय होईल, याची लांबलचक यादीच आहे ती. वाचणारा ती खालच्या आवाजात भरभर वाचून टाकतो, आणि शाप अंगाला लागतील म्हणून त्या भागासाठी तोरासमोर उभं राहायचं बोलावणं कोणालाच नको असतं. म्हणून ते बोलावणं दर वर्षी भावजी स्वतःवर घेतात. हो, हेच भावजी! आदल्या दिवशी गॅस बंद करतात, सगळ्यांची माफी मागतात आणि "दवाखान्यात न्यावं लागलं तर" म्हणून नवा बनियन घालतात. गेल्या वर्षी ते तापाने पडले होते, पाठ दुसऱ्याने वाचला आणि बोलावणं चुकून लोधिवलीच्या नानांना गेलं. त्याच आठवड्यात नानांचा विहिरीवरचा पंप जळला आणि जावई राहायला आला, तो दिवाळीपर्यंत हलला नाही. नानांनी जाहीर केलं की शापांच्या शनिवारी ते पुन्हा इथे पाऊल टाकणार नाहीत.

यंदा तो शनिवार आला तेव्हा तिकडे दूरदेशी तुमच्या गावात रॉकेटहल्ल्याचे भोंगे वाजत होते. शुक्रवारी दुपारपासून तुमचा फोन लागत नव्हता. मी टापटिपीची बाई, पण त्या सकाळी दोन वेगवेगळ्या चपला घालून प्रार्थनेला गेले. पिशवीत फोन चालू ठेवला होता. भावजींना ते दिसलं. शब्बाथला फोन म्हणजे त्यांच्या लेखी पाप, पण ते प्रार्थनेची पुस्तकं वाटायला लागले.

सेफेर, म्हणजे तोराची गुंडाळी, उघडून वाचायला दहा पुरुष लागतात. बायका त्यात धरत नाहीत, यावर माझं मत तुम्हाला माहीत आहे. नऊ जमले होते. कोणीतरी म्हणालं, "बरंच झालं. यंदा शाप राहू द्या."

मला वाटलं भावजी सुटकेचा निःश्वास सोडतील. ते पांढरेफटक पडले. "आणि हफ्तारा? तोरा वाचली नाही तर तीही नाही. या शनिवारी? पोरं तिकडे अशी असताना?" एवढं बोलून त्यांनी रेनकोट चढवला, कारण शब्बाथला ते छत्री उघडत नाहीत, आणि जुन्या हायवेने लोधिवलीला, नानांना आणायला, चालू लागले. वीज कडाडत होती.

पुढची हकिकत आमच्या दूधवाल्याने सांगितली. त्याने टेंपो थांबवून विचारलं, "काका, कुटं चाल्लाव? बसा ना!"

"आज गाडीत बसायचं नसतं रे."

"मंग कुत्री हायेत फुडं."

"किती?"

"तुमी बसा, मंग सांगतो."

भावजी बसले नाहीत. टेंपो मात्र त्यांच्या आणि कुत्र्यांच्या मधून हळूहळू लोधिवलीपर्यंत गेला.

नाना ओटीवर बसले होते. म्हणाले, "मी नाही येणार. जावयाचा कालच फोन आलाय, रजा मिळतेय म्हणून."

"शाप माझ्या अंगावर घेतो. तू नुसतं आमेन म्हण."

"आणि तुला काही झालं तर?"

"मी नवा बनियन घातलाय," भावजी म्हणाले.

दोघे भिजून परत आले, मागोमाग टेंपोही. भावजींनी शाप वाचले. सकाळी वाटेल संध्याकाळ का होत नाही, संध्याकाळी वाटेल सकाळ का होत नाही, अशा अर्थाच्या ओळीपाशी ते अडले. बायकांच्या पडद्याआड मी पिशवी घट्ट धरून होते. कालची माझी रात्र अगदी तशीच गेली होती. मग ते पुढे वाचत गेले. त्यानंतर हफ्तारा आली: ऊठ, प्रकाश आलाय, डोळे वर करून चहूकडे पाहा, तुझी मुलं दुरून येत आहेत. ती त्यांनी एवढ्या मोठ्याने म्हटली की बाहेर दूधवाल्याने हॉर्न वाजवला. "दोन शब्द" त्या दिवशी झालेच नाहीत. ते थेट माझ्याकडे आले आणि पुटपुटले, "वहिनी, वाजला का?"

नव्हता वाजला. तो वाजला दुपारी, नोआम, आणि तू म्हणालास, "आजी, आम्ही तळघरात होतो, तिथे रेंज नव्हती." भावजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी सांगितलं, "सुखरूप आहेत." त्यावर ते म्हणाले, "आज काहीच झालं नाही," आणि या वेळी आवाज कापला नाही.

रविवारी सकाळी ते अंगणात पाना घेऊन स्कूटरपाशी बसले होते. दोन्ही आरसे परत लावत होते. मी म्हटलं, "आणि मिठाचा खांब?"

"चहूकडे पाहायला सांगितलंय, वहिनी," ते नट पिळत म्हणाले. "मागची बाजू त्यात येते. पोरं मागून आली तर दिसायला नकोत?"

तेव्हापासून ते स्कूटर इतकी हळू चालवतात की बैलगाडी पुढे जाते, आणि सारखे आरशात पाहतात.