झुंबरबाईचा तराजू

नीळकंठ मास्तर वऱ्हाडातल्या धाड गावच्या शाळेत शिकवत आणि उरलेल्या वेळात सिनेमाच्या पटकथा लिहीत. लिहिलेला प्रत्येक प्रसंग ते आठवडी बाजारात मिरची विकणाऱ्या झुंबरबाईला वाचून दाखवत. ऐकताना तिचा तराजू थांबला, तर प्रसंग राहायचा. ती मिरची तोलतच राहिली, तर मास्तर तिथंच कागद फाडत. गावानं खुशाल वेडं म्हणावं!

१९६४ साली या परीक्षेत पास झालेली पटकथा घेऊन ते कोल्हापूरला एका निर्मात्याकडे गेले. त्यानं ती एका बैठकीत वाचून काढली.

"कथा फक्कड आहे, मास्तर. पण ही वऱ्हाडी बोली काढा. लोक हसतील."

"हसाच्या जागी हसतीनच. रडाच्या जागी कोन हसते, ते मले दाखवा."

"मग सिनेमा निघायचा नाही."

"नोका काढू!" म्हणत मास्तरांनी बाड उचललं आणि गावची वाट धरली.

पुढच्या बाजारी झुंबरबाईनं मिरची तोलता तोलता विचारलं, "काय झालं, गुरुजी?"

मास्तर नवी वही उघडून वाचायला लागले. पहिल्याच प्रसंगात कोल्हापूरचा एक निर्माता मिरची घ्यायला धाडच्या बाजारात आला होता, आणि बाई त्याला म्हणत होती, "आधी आमच्या बोलीत माग."

झुंबरबाईचा तराजू थांबला.