कारणाचा रकाना

आमच्या मावसबहिणीला शर्टांच्या कारखान्यात सगळे ‘कात्री’ म्हणतात. शिवून आलेल्या शर्टांचे लोंबते दोरे कापायचे आणि शिलाई वाकडी दिसली की शर्ट परत पाठवायचा, हे तिचं काम. माणसांच्या बाबतीतही तिचा हाच खाक्या. लग्नासाठी विचारायला आलेले चौघे तिने असेच परत पाठवले. पाचवा लिफ्ट दुरुस्त करणारा निघाला. वरून-खालून कितीही आरडाओरडा झाला तरी शांत उभं राहायची त्याला धंद्यानेच सवय, म्हणून तो टिकला.

ती चिडली नाही असा दिवस मला आठवत नाही. चहा गार म्हणून चिडायची, गरम असला तर जीभ पोळली म्हणून चिडायची. या रागाची आम्ही घरात टिंगल करत आलो. पण यावेळच्या रागाची टिंगल मला करवली नाही.

तिला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा आठव्या-नवव्या आठवड्यात सगळं संपलं होतं. तिसऱ्यांदा सहाव्या आठवड्यातच थोडं रक्त दिसलं. डॉक्टरीणबाईंनी प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल दिल्या. गर्भ धरून ठेवायला शरीराला जे लागतं, तेच बाहेरून पुरवायचं. कॅप्सूल गिळायची नाही, योनीत ठेवायची. दिवसातून तीनदा, आणि नंतर अर्धा तास आडवं पडायचं. पहिल्या दिवशी नवरा पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभा.

“तो तूच पी,” ती म्हणाली.

सकाळची आणि रात्रीची कॅप्सूल घरी व्हायची. पंचाईत दुपारची. कारखान्यात जेवणाची सुट्टी वीस मिनिटं, आणि तीस बायकांच्या ओळीला लाकडाचा एकच बिल्ला. तो गळ्यात असेल तिनेच संडासला जायचं. दहा मिनिटांच्या वर वेळ गेला तर भिंतीवरच्या वहीत कारण लिहायचं. त्या वहीत अकरा वर्षं प्रत्येक बाईने एकच कारण लिहिलं होतं : डोकं दुखत होतं. पाळी असो, उलटी असो, सासूशी भांडून रडू आलेलं असो, दुखायचं डोकंच. ओळीचा सुपरवायझर, ज्याला बायका ‘घड्याळ’ म्हणत, तो ते वाचून सही करायचा आणि सुखात असायचा.

कात्रीनेही तेच लिहिलं. शर्टांच्या गठ्ठ्यांमागे अर्धा तास पडायची आणि लिहायची, डोकं दुखत होतं. तीन दिवस. चौथ्या दिवशी घड्याळाने तिला कागद दिला : ‘वारंवार डोकेदुखी. सुधारणा न झाल्यास काम बंद.’ सोबत डोकेदुखीची एक गोळीही दिली. माणूस अगदीच दुष्ट नव्हता.

त्या दुपारी तिने कॅप्सूल चुकवली. संध्याकाळी पुन्हा रक्त.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “एक चुकली म्हणूनच झालं असं नाही. पण आता चुकवू नकोस.” ठोके मात्र दहाव्या आठवड्यात तपासू, तोवर काही सांगता येणार नाही, असंही त्या म्हणाल्या.

मी भेटायला गेलो तर ती पलंगावर पडून छताला शिव्या देत होती.

“दादा, मी त्या घड्याळाला घाबरले! मी! चार-चार नवरे परत पाठवणारी मी, आणि एका कागदाला घाबरून पोर पणाला लावलं!”

“अगं, त्या म्हणाल्या ना की त्यानेच असं नाही...”

“तू गप्प बस. तुझ्या पोटात कधी साधी कळ आली तरी सगळी गल्ली जमा करतोस.”

ते खरंच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धा तास पडून झाल्यावर तिने वही घेतली आणि कारणाच्या रकान्यात, आणि तिथे मावेना म्हणून पुढच्या दोन ओळींतही, ठळक अक्षरात लिहिलं : ‘गरोदर आहे. दोन आधी गेली. योनीत कॅप्सूल ठेवून आडवी पडले होते. रोज पडणार.’

घड्याळाचे कान लाल झाले. “अहो बाई, ही वही मोठ्या साहेबांकडे जाते!”

“जाऊ द्या. ते काय शर्टाच्या खिशातून जन्मले?”

“डोकं दुखतं लिहा ना! मी कुठे नाही म्हणतो?”

“लिहिलं होतं. तुम्ही मला कागद दिलात. आता खरं लिहिलंय, आता द्या कागद! द्या!” तिच्या हातात दोरे कापायची कात्री होती, ते तिच्या लक्षातही नव्हतं. त्याच्या होतं.

मग काज करणारी उठली. तिने लिहिलं : ‘पाळी. फार जातंय.’ कॉलर लावणारीने लिहिलं : ‘अंग बाहेर येतं, उभं राहवत नाही.’ संध्याकाळपर्यंत पान भरलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या ओळीत कुणाचं डोकं दुखलं नाही. फक्त सही करणाऱ्याचं दुखलं असावं.

वही मोठ्या साहेबांपर्यंत गेली आणि कागद परत घेतला गेला. म्हातारा कटिंग मास्तर कापड कापायच्या लांब टेबलावर गठ्ठ्याचं कापड अंथरून म्हणाला, “इथे पड पोरी. दुपारी रिकामंच असतं.” टेबलाच्या कडेला इंचांच्या खुणा. ती रोज त्यांच्या बाजूला पडायची आणि आढ्याकडे बघून दात खायची.

दहाव्या आठवड्यात ठोके ऐकू आले. लिफ्टवाला रडू लागला, तर ती त्याच्यावर खेकसली, “रडतोस काय, ऐकू दे ना नीट!”

कॅप्सूल अजून सहा आठवडे घ्यायच्या होत्या. ती तशीच कारखान्यात गेली, टेबलावर पडली, आणि अर्ध्या तासाने वहीत लिहिलं : ‘ठोके आहेत. उद्याही पडणार.’

घड्याळाने सही केली. नेहमीप्रमाणे वेळही टाकली : बत्तीस मिनिटं. मग दोनावर काट मारून त्याने, तिच्यावर मेहरबानी म्हणून, नुसते तीस केले.

“ती दोन मिनिटंही माझीच आहेत,” ती म्हणाली. “खरं तेच लिहा परत.”