भाड्याची गाडी

नवरा कुवेतला होता तेव्हा त्याची प्रत्येक ईमेल माझ्याआधी साऱ्या घराला कळायची. मला दिसत नाही. सायबर कॅफेतून छापून आणून मेल वाचायची ती नणंद. शाळेत शिकवणारी, आवाज खणखणीत. सासूबाई शेजारी बसून ऐकायच्या. अशा भरल्या दरबारात माणूस बायकोला काय लिहिणार? पावसाआधी कौलं परतून घ्या, अम्माच्या गोळ्या संपल्या का, आणि शेवटी ‘सगळ्यांना सलाम’. त्या सगळ्यांत मी. एकदा तरी त्याचं लिहिणं मला एकटीला ऐकायचं होतं, पण हे घरात सांगायचं कुणाला?

दोन हजार सात-आठची गोष्ट. सुट्टीवर आला तेव्हा तो आपला जुना लॅपटॉप ठेवून गेला, घरी नेटही जोडून दिलं. नणंदेने कॉम्प्युटर क्लासमधून लिनक्सची सीडी आणली. ते फुकट मिळतं आणि त्यात स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज, आयताच असतो, असं तिला तिथे कळलं होतं. गंमत बघा, तो आवाज सुरू करायलाच आधी डोळे लागायचे. ते तिने पुरवले. दोनदा सगळं नव्याने चालू केलं तरी यंत्र मुकंच. शेवटी लॅपटॉपचा आवाजच बंद ठेवलेला निघाला.

“भाबी, तो बिचारा कवाचा बोलतोय, आपणच त्याचं तोंड दाबलंय,” नणंद म्हणाली, आणि एकदम इंग्रजी बडबड सुरू झाली.

“ह्या सायबाला घरात कोणी आणलान?” सासूबाईंनी विचारलं.

मी घाईने हेडफोन लावला आणि मेल उघडली. नवरा लिहायचा मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. साहेब ते इंग्रजी समजूनच वाचणार. नेहमीच्या ‘सगळे कसे आहेत’चं झालं ‘सॅगल केस अहीट’. अख्ख्या मेलमधलं मला फक्त ‘कुवेत’ कळलं. मी कपाळावर हात मारला. एकांत मिळाला, तर नवरा सापडेना.

पण मीही हट्टी. टायपिंग मला अंधशाळेत शिकवलेलं होतं. रोज दुपारी वाटेल ती स्पेलिंगं टाइप करून ऐकत बसले. ‘जेवलीस का’ नीट ऐकू यायचं असेल, तर ‘लीस’ला भाडेपट्ट्याचं स्पेलिंग आणि ‘का’ला चक्क मोटारीचं ‘कार’. साहेब त्यातला ‘र’ गिळायचा. असे शब्द जमवून नवऱ्याला कळवले. लिहिलं, दिसायला कसंही दिसू दे, कानाला मराठी लागलं पाहिजे.

त्याचं उत्तर आलं तेव्हा नणंद सवयीने माझ्या खांद्यावरून डोकावली.

“हे काय लिवलान गो? काय वाचता येत नाय.” मग अडखळत, “लीस... कार... अम्मा, भाय भाड्यान गाडी घेतोय.”

“त्याला चालवता कुठं येते?” सासूबाई घाबरल्या. “नको म्हणून लिव त्याला.”

माझ्या कानात साहेब त्याच्या सपाट आवाजात विचारत होता, तू जेवलीस का. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण परदेशातून त्याने फक्त मला विचारलेली ही पहिली गोष्ट.

“घेऊ दे की गाडी,” मी म्हटलं, आणि ती ओळ पुन्हा लावली.