राईतलं एक पान

आमच्या देवाच्या राईतला पाचोळा कुणी उचलत नाही, म्हणून तो साचत जातो. किश्श्यांचंही तसंच झालंय. बसा, सांगतो.

मी तेव्हा अकोले तालुक्यात डोंगराकडं जंगलखात्यात रोजंदारीवर राखणदार होतो. राईची पूजा धोंडूआबा करायचे. त्यांचा नियम एकच, राईतलं काही बाहेर न्यायचं नाही. वाळली काडीसुद्धा!

नवा गार्ड बदलून आला. पहिल्याच सकाळी दातण मोडून बाहेर निघाला.

आबा म्हणाले, "सायेब, काडी ठिवा."

गार्डनं खाली ठेवली.

"हितं न्हाई. मोडली तिथं!"

बिचारा अर्धी राई फिरून ते झाड हुडकत होता. दुसऱ्या दिवसापासून राखुंडीनं दात घासायला लागला!

*

माझी मंडळी राईतल्या झऱ्यावरून हंडा घेऊन आली. आबांना तिच्या केसात पान दिसलं. म्हणाले, "सूनबाई, माघारी जा."

ही तापली. "पायाला चिखलबी लागलाय, मामा. त्यो खरवडून दिऊ का?"

आबा म्हणाले, "चिखल ऱ्हाऊ दे. पान ठिवून ये."

पाणी मात्र न्यायला मोकळीक होती. ते देवानं स्वतःच बाहेर सोडलंय, असं आबांचं म्हणणं.

*

बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या विहिरी आटल्या. सारं गाव त्या एका झऱ्यावर जगत होतं. एक इंजिनिअर बघायला आला. म्हणाला, "इथं टाकी बांधायला पाहिजे."

आबांनी जांभळीच्या बुंध्यावर थाप मारली. "टाक्या हायेत की, सायेब! जरा गळत्यात, म्हनून तर झरा हाय."

*

त्याच उन्हाळ्यात कोळशाचा ठेकेदार तोडीची ऑर्डर घेऊन जीपनं आला. मागं बारा लाकूडतोडे, खांद्यावर कुऱ्हाडी. राई गेली तर झरा जाणार आणि झरा गेला तर गाव उठणार. बाया कडेला उभ्या.

आबा भांडले नाहीत. तोड्यांच्या मुकादमाला म्हणाले, "उन्हाचं आलाय. आधी पानी प्या. लोखंड तेवढं भाईर ठिवा."

कुऱ्हाडी बाहेर ठेवून बाराजण आत गेले. लई वेळ बाहेर येईनात. ठेकेदार जीपचा हॉर्न वाजवून दमला!

शेवटी आले. मुकादमाच्या खांद्यावर एक पान पडलेलं. आबांनी नुसतं त्याकडं बघितलं. मुकादम माघारी वळला, पान ठेवून आला. मग कुऱ्हाड उचलली आणि थेट जीपकडं निघाला. मागनं बाकीचे अकराजण.

ठेकेदार ओरडला, "अरे, निदान एक झाड तरी पाडा!"

मुकादम म्हणाला, "मालक, एक पान न्हेता आलं न्हाई."